फाजील लढाऊ जहाजांचा क्रयविक्रय

जुनीं खरेदीखतें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली असेल. किंमतीचा उल्लेख एखाद्या ओळींत आटोपतो. उरलेला मजकूर चतुःसीमा, ताबा, हिस्सेदारी, आणि पुढें कोणी भाऊबंद अगर तिऱ्हाईत उभा राहिल्यास त्याचें निवारण कोणी करावें, यांनींच भरलेला असतो. खत लिहिणाऱ्या कारकुनास अनुभवानें ठाऊक असतें कीं भांडण किंमतीवरून क्वचित् होतें. तें ताब्यावरून आणि तिऱ्हाइताच्या दाव्यावरून होतें. प्रस्तुत लेखांत आम्ही हीच दृष्टि एका अगदीं निराळ्या मालास लावून पाहणार आहों. तो माल म्हणजे एखाद्या राष्ट्रानें फाजील म्हणून विकावयास काढलेलें लढाऊ जहाज.

या विषयाकडे वळण्यास निमित्त झाले ते काल्पनिक इतिहासाचे आरमारी खेळ. या खेळांत प्रत्येक गडी एक राष्ट्र पत्करतो. अमुक सालापासून इतिहास निराळ्या वाटेनें गेला असें गृहीत धरून तो आपल्या राष्ट्राचा जमाखर्च ठेवतो, गोद्या बांधतो, जहाजें पाण्यांत सोडतो, आणि नकोशीं झालेलीं जहाजें दुसऱ्या गड्यास विकतो. यांतून सालवार ताळेबंद, जहाजांच्या याद्या आणि तहनामे असा पुष्कळ कागद निर्माण होतो. संशोधकांनीं या कागदाकडे पाहून नाक मुरडूं नये. जगांतील लढाऊ जहाजांची जी सूची आज आरमारी अभ्यासकांच्या हाताशीं नेहमीं असते, तिचा पहिला भाग इंग्रज चित्रकार फ्रेड जेन यानें १८९८ सालीं काढला. त्याच सुमारास त्यानें आरमारी युद्धाचा एक खेळहि रचला होता, आणि त्या खेळास अशा सूचीचा फार उपयोग होता. खेळ व इतिहास यांची सोयरीक अशी जुनी आहे. तथापि खेळांतील विक्रीचें कलम बहुधा आटोपशीर असतें. जहाजाचें वय पाहून किंमत ठरते, ती एका खात्यांतून दुसऱ्यांत जाते, आणि जहाजाचें नांव एका यादींतून खोडून दुसरींत लिहिलें जातें. प्रत्यक्ष इतिहासांतील सौदे इतक्या सहजतेनें झाले नाहींत. ते कसे झाले आणि कोठें अडले, हें सांगण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम फाजील या शब्दाचा अर्थ. फाजील म्हणजे जुनें नव्हे. ज्या सौद्यांनीं इतिहासांत खूण ठेविली त्यांपैकीं कित्येक अगदीं नव्या, किंबहुना गोदींतून बाहेरहि न पडलेल्या जहाजांचे आहेत. जहाज फाजील ठरतें तें बहुतेक वेळां मालकाच्या परिस्थितींत पालट झाल्यामुळें: शेजाऱ्याशीं तह होतो, तिजोरी रिकामी पडते, किंवा १९०६ सालच्या ड्रेडनॉटसारखें एखादें जहाज निघून कालपर्यंतचीं सर्व जहाजें मागासलेलीं होतात. मोठें जहाज बांधून होण्यास दोन-तीन वर्षें लागतात. तेवढ्या अवधींत राजकारण एका जागीं थांबून राहत नाहीं.

शिवाय हा माल घर किंवा वतन नव्हे. घेणारा तें जहाज घेऊन कोणावर तरी चालून जाणार हें उघड असतें, आणि ज्याच्यावर तो चालून जाणार तो विकणाऱ्यास जाब विचारतो. अमेरिकेंतील यादवी युद्धांत दक्षिणेकडील संस्थानांसाठीं इंग्लंडांतील बर्केनहेड येथें बांधलेल्या अलाबामा जहाजानें उत्तरेच्या व्यापाराची धूळधाण केली. त्या व तशाच दुसऱ्या जहाजांनीं केलेल्या नुकसानीबद्दल १८७२ सालीं जिनीव्हा येथील लवादानें ब्रिटनवर एक कोटि पंचावन्न लक्ष डॉलरांची भरपाई बसविली. येणेंप्रमाणें तटस्थ राष्ट्राच्या बंदरांतून युद्धमान राष्ट्रासाठीं लढाऊ जहाज सज्ज होऊन बाहेर पडूं देतां कामा नये हा नियम रूढ झाला, व १९०७ सालच्या हेगच्या करारांत त्याला लेखी स्वरूप आलें. म्हणून युद्ध सुरू होण्यापूर्वीं एक दिवस झालेली विक्री आणि एक दिवस नंतर झालेली विक्री यांत जमीनअस्मानाचें अंतर पडतें. खेळांच्या नियमांत हें अंतर क्वचितच आढळतें.

या नियमांतून पळवाट काढूं पाहणाऱ्या एका सौद्यानें तिसऱ्याच देशाचें सरकार कोसळलें, ती हकीकत आमच्या मतें सर्वांत बोधप्रद आहे. टाइन नदीवरील आर्मस्ट्राँगच्या गोदींत १८८३ सालीं पाण्यांत सोडलेलें एस्मेराल्दा हें चिली देशाचें क्रूझर जहाज आपल्या काळीं नामांकित होतें. १८९४ सालीं चीन व जपान यांचें युद्ध जुंपलें असतां जपानला तें हवें झालें. चिली तटस्थ होता. उघड विक्री करणें त्यास शक्य नव्हतें. तेव्हां चिलीनें जहाज इक्वेडोरला विकलें आणि इक्वेडोरनें जपानला, असा देखावा करण्यांत आला, व जहाज इक्वेडोरच्या निशाणाखालीं मार्गस्थ झालें. इक्वेडोरच्या प्रजेला ही गोष्ट कळली तेव्हां देशाचें निशाण विकलें गेलें अशी एकच ओरड उठली; त्या देशाच्या इतिहासांत हें प्रकरण ‘निशाणाची विक्री’ या नांवानेंच ओळखलें जातें. राष्ट्राध्यक्ष लुईस कोर्देरो यांस १८९५ च्या एप्रिलांत पायउतार व्हावें लागलें, आणि जून महिन्यांत एलॉय आल्फारो यांच्या पक्षाची क्रांति सुरू झाली. जहाज मात्र जपानला सुखरूप पोंचलें. इझुमी हें नवें नांव घेऊन तें पुढें दहा वर्षांनीं, २७ मे १९०५ च्या सकाळीं, सुशिमाकडे येणाऱ्या रशियन आरमाराच्या पाठीस लागून त्याची बातमी देत राहिलें. विकणारा व घेणारा दोघांचेंहि काम झालें. ज्यानें केवळ साक्षीदारासारखी आपली निशाणी केली तोच बुडाला. आपल्याकडील बेनामी व्यवहार ज्यांनीं कागदोपत्रीं पाहिले आहेत त्यांना यांत नवल वाटूं नये.

१९०३-०४ सालचे सौदे याहून मोठे व अधिक गुंतागुंतीचे. चिली व अर्जेंटिना यांचा सरहद्दीवरून वाद होता, व दोघांनीं ऐपतीबाहेर जहाजें सांगून ठेविलीं होतीं. मे १९०२ मध्यें दोघांचे तह झाले आणि बांधलीं जात असलेलीं जहाजें ताब्यांत घ्यावयाचीं नाहींत असें ठरलें. चिलीचीं दोन मोठीं जहाजें, कॉन्स्टिट्यूसिऑन व लिबर्टाद, इंग्लंडांत तयार होत होतीं. अर्जेंटिनाचीं दोन चिलखती क्रूझर जहाजें, रिव्हादाव्हिया व मोरेनो, इटलींत जिनोआजवळ अन्साल्दोच्या कारखान्यांत होतीं. चारहि नवीं, चारहि विकाऊ, आणि त्याच सुमारास रशिया व जपान यांचे संबंध तुटण्याच्या बेतास आलेले.

चिलीचीं जहाजें ब्रिटननें डिसेंबर १९०३ मध्यें सुमारें चोवीस लक्ष पौंडांस घेतलीं. ब्रिटिश आरमारास त्यांची गरज नव्हती. त्यांच्या मुख्य तोफा दहा इंची, तर ब्रिटिशांच्या मोठ्या जहाजांवर त्या वेळीं बारा इंची तोफांचा परिपाठ होता. खरेदीचें कारण एकच कीं रशियानें तीं घेऊं नयेत. जपान हा ब्रिटनचा १९०२ पासूनचा दोस्त, पण त्याच्या हातीं त्या क्षणीं पैसा पुरेसा नव्हता. अशी ही नकोशा मालाची, केवळ दुसऱ्यास मिळूं नये म्हणून केलेली खरेदी होय. स्विफ्टशुअर व ट्रायम्फ अशीं नांवें देऊन तीं वापरांत आणलीं गेलीं. ट्रायम्फ पुढें २५ मे १९१५ रोजीं गलिपलीच्या किनाऱ्यावर जर्मन पाणबुडीनें बुडविलें.

अर्जेंटिनाचीं जहाजें जपाननें त्याच डिसेंबरच्या अखेरीस घेतलीं, आणि येथें ताब्याचा प्रश्न किती नाजूक असतो तें दिसतें. जहाजें भूमध्य समुद्रांत, युद्ध दारांत, आणि तीं चालविण्यास जपानी खलाशी तेथें नाहींत. तेव्हां ब्रिटिश अधिकारी व ब्रिटिश-इटालियन खलाशी भाड्यानें घेऊन जानेवारी १९०४ च्या दुसऱ्या आठवड्यांत तीं जिनोआहून निघालीं. वाटेंत रशियन युद्धनौका त्यांच्यावर नजर ठेवून होती. ८ फेब्रुवारीच्या रात्रीं जपानी टॉर्पेडो-नौकांनीं पोर्ट आर्थरवर हल्ला केला, आणि १६ फेब्रुवारीस हीं दोन जहाजें कासुगा व निस्शिन या नांवांनीं योकोसुकाला पोंचलीं. सौदा महिनाभर लांबता, तर तटस्थतेचा नियम आडवा येऊन तीं इटलींतच अडकून पडलीं असतीं. सुशिमाच्या लढाईंत दोन्ही जहाजें जपानच्या मुख्य फळींत होतीं. निस्शिनवर अर्जेंटिनाचा आरमारी अधिकारी डोमेक गार्सिया निरीक्षक म्हणून हजर होता, आणि त्याच जहाजावर इसोरोकु यामामोतो या तरुण अधिकाऱ्यानें हाताचीं दोन बोटें गमावलीं. पुढें रशियानेंहि १९०४ सालीं दलालांमार्फत दक्षिण अमेरिकेंतील उरलेलीं क्रूझर जहाजें मिळविण्याची पुष्कळ खटपट केली. ती फळास आली नाहीं, कारण आतां युद्ध चालूं होतें. माल तोच, पण मुहूर्त टळला होता.

आतां सर्वांत प्रसिद्ध प्रकरणाकडे वळूं. ब्राझीलनें आर्मस्ट्राँगकडे रिओ द जानेरो नांवाचें जहाज सांगितलें होतें; त्यावर बारा इंची चौदा तोफा सात बुरुजांत बसविलेल्या, इतक्या मोठ्या तोफा दुसऱ्या कोणत्याहि जहाजावर नव्हत्या. जानेवारी १९१३ मध्यें तें पाण्यांत सोडलें, पण ब्राझीलची रबर-कॉफीची प्राप्ति खालावली, आणि जहाज विक्रीस निघालें. २८ डिसेंबर १९१३ रोजीं तुर्कस्तानच्या ऑटोमन सरकारनें तें साडेसत्तावीस लक्ष पौंडांस घेतलें व त्यास सुलतान उस्मान असें नांव दिलें. बाल्कन युद्धांत तुर्कांचीं एजियन समुद्रांतील बेटें ग्रीकांनीं घेतलीं होतीं. तीं परत मिळविण्याची सर्व आशा या एका जहाजावर होती. १९०९ सालीं स्थापन झालेली तुर्कांची आरमार-मंडळी गांवोगांव वर्गणी गोळा करीत होती, त्यामुळें जहाज हें सरकारचें नसून लोकांचें अशी तेथें भावना झाली.

याला ग्रीसनें दिलेलें उत्तर आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. बांधून घ्यावयास वेळ नाहीं हें ओळखून ग्रीसनें अमेरिकेचीं मिसिसिपी व आयडाहो हीं दोन जहाजें मागितलीं. तीं ड्रेडनॉटपूर्व धाटणीचीं, तेरा हजार टनांचीं, वेगानें मंद आणि भर समुद्रांत बेताचीं. अमेरिकन आरमारास तीं नकोंच होतीं. ३० जून १९१४ रोजीं तेथील कायदेमंडळाच्या मंजुरीवर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची सही झाली, सुमारें सव्वा कोटि डॉलरांस सौदा पटला, आणि जुलै महिना संपण्यापूर्वीं दोन्ही जहाजांवर ग्रीक निशाण चढलें. किल्किस व लेम्नॉस हीं त्यांचीं नवीं नांवें.

कागदावर पाहतां सुलतान उस्मान हें या दोघांसहि भारी. खेळांतील कोणीहि गडी तेंच निवडील. पण ऑगस्ट १९१४ च्या आरंभीं काय झालें? ग्रीसचीं दोन टाकाऊ जहाजें ग्रीसच्या हातांत होतीं. तुर्कांचें अजिंक्य जहाज टाइन नदींत होतें, आणि तें नेण्यासाठीं आलेले सुमारें पांचशें तुर्की खलाशी एका आगबोटींत त्याच नदींत थांबले होते. किंमतीचा फार मोठा भाग दिलेला होता. निशाण चढविण्याचा समारंभ तेवढा राहिला होता. ब्रिटिश आरमारखात्याचे प्रमुख विन्स्टन चर्चिल यांच्या हुकुमानें जहाज जप्त झालें आणि त्याचें ॲजिन्कोर्ट झालें; त्याच्या सात बुरुजांना खलाशी आठवड्याच्या सात वारांच्या नांवांनीं ओळखूं लागले. व्हिकर्सकडे खास तुर्कांसाठींच बांधलेलें रेशादिये हेंहि त्याच वेळीं गेलें. पुढें तुर्कस्तान तटस्थ राहिल्यास दररोज एक हजार पौंड भरपाई देण्याची तयारी ब्रिटिशांनीं दाखविली, पण तोंपर्यंत कॉन्स्टँटिनोपलमध्यें लोकक्षोभाचा भडका उडाला होता.

या जप्तीमुळेंच तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूस गेलें असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. मित्या जुळवून पाहतां हें विधान जसेंच्या तसें टिकत नाहीं. जर्मनीशीं गुप्त तह २ ऑगस्ट रोजीं झाला. त्याची बोलणीं जुलैंतच चाललीं होतीं, आणि जप्तीची रीतसर वार्ता तुर्कांस त्यानंतर मिळाली. जप्तीनें तह घडविला नाहीं. तहाच्या पक्षाला प्रजेची संमति मिळवून दिली, इतकेंच म्हणतां येईल. पण तेंहि थोडें नव्हे.

कारण लगेच दुसरा सौदा झाला, आणि तो या सर्व मालिकेंत विलक्षण आहे. जर्मन जहाजें गोएबेन व ब्रेस्लाउ ब्रिटिशांना हुलकावणी देत १० ऑगस्ट रोजीं दार्दनेल्समध्यें शिरलीं. तटस्थ बंदरांत युद्धमान जहाजास चोवीस तासांहून अधिक राहतां येत नाहीं. तेव्हां तुर्कस्ताननें तीं विकत घेतलीं असें जाहीर झालें. १६ ऑगस्टला त्यांवर तुर्की निशाण चढलें, यावूझ सुलतान सेलीम व मिदिल्ली अशीं नांवें पडलीं, आणि जर्मन खलाशांनीं डोक्यावर तुर्की टोप्या घातल्या. जर्मन सेनापति झूशोन हाच तुर्की आरमाराचा प्रमुख झाला. २९ ऑक्टोबरला त्यानें रशियाच्या काळ्या समुद्रावरील बंदरांवर तोफा डागल्या आणि ऑटोमन साम्राज्य शेवटच्या युद्धांत ओढलें गेलें. सुलतान उस्मानचें खत खरें होतें पण ताबा मिळाला नाहीं. यावूझचें खत लटकें, पण जहाज दारांत उभें. त्यांतहि ताबा तुर्कांचा कीं त्यावरील जर्मनांचा, हें ऑक्टोबरांत उघड झालें. यावूझ पुढें खरोखरच तुर्कांचें झालें. १९३८ सालीं केमाल आतातुर्क यांचें शव इस्तंबूलहून इझ्मितला त्याच जहाजानें नेलें, आणि तें मोडण्यास १९७३ साल उजाडावें लागलें.

त्याच टाइन नदींत, त्याच ऋतूंत, ब्रिटननें दुसऱ्या एका गिऱ्हाइकाशीं कसें वर्तन केलें हें शेजारीं ठेवून पाहण्यासारखें आहे. चिलीसाठीं बांधलें जात असलेलें आल्मिरांते लातोरे हेंहि ब्रिटनला हवें होतें. तें जप्त झालें नाहीं. सप्टेंबर १९१४ मध्यें चिलीशीं बोलणें करून रीतसर विकत घेतलें, कॅनडा या नांवानें युद्धभर वापरलें, आणि १९२० सालीं चिलीलाच परत विकलें. चिलीच्या सोऱ्यावांचून त्या काळीं दारूगोळा होत नव्हता, हें या सौजन्याचें कारण होय. लातोरे १९५८ पर्यंत चिलीच्या सेवेंत राहिलें. ॲजिन्कोर्टचेंहि ब्रिटननें युद्धानंतर पहिल्या मालकापुढें, म्हणजे ब्राझीलपुढें, नांव काढून पाहिलें होतें; ब्राझीलनें नाकारलें, आणि १९२२ सालीं तें मोडीत निघालें.

ग्रीसच्या वांट्यासहि असला एक कटु अनुभव आला. त्यानें जर्मनींत सालामिस नांवाचें मोठें जहाज सांगितलें होतें. तोफा अमेरिकेंतून यावयाच्या होत्या. युद्ध लागलें, तोफा ब्रिटननें घेतल्या, जहाजाचा सांगाडा हांबुर्गला गंजत पडला, आणि कारखाना व ग्रीक सरकार यांचा तंटा १९३२ पर्यंत चालला. त्या अवधींत किल्किस व लेम्नॉस मात्र ग्रीक किनाऱ्यावरच होतीं. २३ एप्रिल १९४१ रोजीं जर्मन विमानांनीं तीं सालामिस येथें बुडविलीं.

कागदांचा संग्रह करणाऱ्यांनीं नांवांच्या बाबतींत एक सावधगिरी बाळगावी. जहाज विकलें जातें तेव्हां नांव त्याबरोबर जात नाहीं. आयडाहो ग्रीसला विकून आलेल्या पैशांतून अमेरिकेनें जें नवें जहाज बांधलें त्याचेंहि नांव आयडाहोच ठेवलें; मोरेनो व रिव्हादाव्हिया हीं नांवें अर्जेंटिनानें पुढें आपल्या दोन ड्रेडनॉटांना दिलीं. म्हणून एखाद्या नकाशावर किंवा छायाचित्रावर केवळ नांव पाहून निर्णय करूं नये. साल व बांधणाऱ्याची गोदी यांचा मेळ आधीं घालावा. खेळाच्या वह्या ठेवणाऱ्यांसहि हेंच लागू पडतें. सौदा ठरला ती मिति, रक्कम दिली ती मिति, आणि निशाण चढलें ती मिति, असे तीन रकाने ठेवल्यावांचून त्या वह्यांतील जहाजाचा खरा मालक कोण हें सांगतां येणार नाहीं.

या बाजाराला पहिला मोठा आळा १९२२ सालच्या वॉशिंग्टनच्या तहानें बसला. त्याच्या अठराव्या कलमान्वयें ब्रिटन, अमेरिका, जपान, फ्रान्स व इटली यांनीं आपलें कोणतेंहि लढाऊ जहाज परकी आरमारांत लढाऊ जहाज म्हणून जाईल अशा रीतीनें विकावयाचें किंवा बक्षीस द्यावयाचें नाहीं असें कबूल केलें. विकणारे मुख्य हेच पांच असल्यामुळें फाजील जहाजांची गति भंगारवाल्याकडे झाली. तो तह १९३६ अखेर संपला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फाजील जहाजांचा पूर आला.

त्या पुरांतील कांहीं जहाजें आपल्या किनाऱ्याला लागलीं. १९३९ सालीं दक्षिण अमेरिकेजवळ जर्मन जहाज ग्राफ स्पेशीं लढलेलें अकिलीस १९४८ च्या जुलैंत दिल्ली या नांवानें भारताच्या आरमारांत आलें. हर्क्युलीस या विमानवाहू जहाजाचें काम १९४६ सालीं अर्धवट थांबलें होतें. १९५७ च्या जानेवारींत भारतानें तें घेतलें, बेलफास्टला पुरें करविलें, आणि ४ मार्च १९६१ रोजीं विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितींत त्यावर निशाण चढून तें विक्रांत झालें. १९७१ च्या युद्धांत तें बंगालच्या उपसागरांत होतें. १९९७ सालीं सेवेंतून निघाल्यावर मुंबईस तें कांहीं वर्षें संग्रहालय म्हणून उभें होतें. मग लिलांवांत पुन्हां एकदां विकलें गेलें, आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दारूखान्यांत मोडावयास घेतलें. नांव सरकारनें आपल्याकडे ठेवलें; २०२२ सालीं तें कोचीच्या गोदींत बांधलेल्या नव्या जहाजास देण्यांत आलें.